बुडालेले मरळ

“वहिनी, मरळ मेले जी!” कवडू अंगणातूनच ओरडला, आणि नेमके त्याच क्षणी माझे व्याही नत्थुजी वलथरे रिकामी टोपली काखेत धरून फाटकातून आत आले.

एका अंगणात एकाच वेळी दोन वाईट गोष्टी शिरू नयेत, निदान एकीने दुसरीसाठी थोडे थांबावे, असे माझे मत आहे. त्या सकाळी तेवढा विचार कोणी केला नाही. मी ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. सूप खाली ठेवले, पदर सावरला आणि आधी पाहुण्यांकडे वळले. मेलेल्या माशाला घाई नसते.

“या, इवाई. बसा खाटेवर. टोपली नवी दिसते.”

“हो जी, ईनबाई. बुरडानं कालच विणून देल्ली.”

“रिकामीच आणली?”

“भरून आणायची रीत नाही ना जी,” ते म्हणाले आणि टोपली अंगणाच्या मधोमध ठेवून, दुपट्ट्याने मान पुसत खाटेच्या अगदी कडेवर टेकले.

ही रीत आता कोणी पाळत नाही, म्हणून सांगते. आमच्या गोतात बाप लेकीला माहेरी न्यायला आला की तोंडाने मागत नसे. नवी टोपली आणून अंगणात ठेवायची आणि गप्प बसायचे. मग बैलांविषयी बोला, धानाविषयी बोला, तळ्याच्या पाण्याविषयी बोला; लेकीचे नाव काढायचे नाही. सासरची जी मोठी बाई असेल ती आपल्या मनाने टोपली भरते. तिने तांदूळ भरले, तर ते घेऊन मुकाट्याने घरी जायचे, लेक येत नाही. तिने लेकीचे लुगडे घडी करून ठेवले, तर लेक बरोबर निघते. कोणी मागितले नाही, म्हणून नकाराचा अपमान कोणाला होत नाही. ज्यांनी ही रीत घातली ते शहाणे होते.

नत्थुजी येणार असल्याचा निरोप मला आधीच मिळाला होता. सुपातले तांदूळ मी त्यांच्या टोपलीसाठीच निवडत होते.

माझी सून वनमाला तेव्हा आतल्या खोलीत होती. तिचे पहिले मूल पोटातच गेले होते. सातवा महिना होता. अशा बाईला बाळंतिणीपेक्षाही जपावे लागते, कारण बाळंतिणीजवळ निदान तिचे बाळ असते. माझ्या सासूने मला जसे जपले तसेच मी तिला जपत होते. खोलीच्या झरोक्यात चिंध्या कोंबल्या होत्या, म्हणजे वारा लागणार नाही. खाटेखाली शेगडी होती, तिच्यात ओवा आणि बाळंतशेपा टाकून दिवसातून दोन वेळा धुरी देत असू. मांजर आत शिरू नये म्हणून दाराला बाहेरून कडी घातलेली असे. मोजून-मापून सगळे काही होते. चैत्राचा महिना, बाहेर ऊन तापलेले, आणि आत ती पोर घामाने भिजून भिंतीला टेकलेली.

आणि तरीही ती खंगत चालली होती. जेवण दोन घासांवर आले. बोलताना मध्येच थांबायची आणि तोंड उघडून दम घ्यायची. नहाणीपर्यंत जायचे तरी वाटेत खाली बसायची. तालुक्याच्या डॉक्टरांनी छाती तपासली, फुप्फुसांत दोष नाही म्हणाले, आणि निघताना “हिला जरा हवेत बसवा” असेही म्हणाले. डॉक्टर लोक काही तरी सांगतातच, असे म्हणून मी ते सोडून दिले.

“ही पोर वाचन ना, माय?” माझा मुलगा भोजराज याने मला एका संध्याकाळी विचारले होते. माझ्यासमोर त्याची मान सहसा वर होत नसे. त्या दिवशी झाली होती.

“माझ्या हाताखाली आहे,” मी म्हणाले होते. “न वाचायला काय झालं?”

पण मला स्वतःला खात्री नव्हती. तिला माहेरी पाठवण्याचा विचार माझ्या मनात येत नव्हता असे नाही. येई, आणि त्याच्या पाठोपाठ शेजारच्या पारबताची सून आठवे. तीही अशीच मूल गेल्यावर माहेरी गेली होती आणि परत आलीच नाही. पारबताचा मुलगा अजूनही पाराच्या कडेला एकटाच बसलेला दिसे. मला एकच मुलगा. तेव्हा जे करायचे ते इथेच, माझ्या डोळ्यांपुढे, असे मी ठरवले आणि कवडूला मरळ आणायला पाठवले.

आजारातून उठणाऱ्या माणसाला मरळाचा रस्सा देतात, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. पण मासा जिवंत हवा. चुलीजवळ येईपर्यंत जिवंत असलेल्या मरळाचाच गुण येतो, असे आमची सगळी मोठी माणसे सांगत आली. कवडू माझा धाकटा दीर. सारा जन्म त्याने मोठ्या तलावावर काढला, पण रोहू आणि कतल्यांच्या संगतीत. जाळे टाकणे, मासे ड्रममध्ये भरून बाजारात पोचवणे, यात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. त्याने चार मरळ आणले. काळेभोर, हातभर लांब, सापासारख्या तोंडाचे. पहिल्या रात्री अर्ध्या भरलेल्या घंगाळात ठेवले, तर सकाळी तिथे तीनच. चौथा सापडला मोरीच्या पन्हाळीत, ओल्या शेवाळावर, जसाच्या तसा जिवंत. रात्रभर अंगणातून सरपटत गेला असावा. कुत्र्याने खाल्ला नाही हे नशीब.

मी कवडूला बोलावून सांगितले, “एकही मासा बाहेर पडता कामा नये. माझ्या सुनेच्या जिवाचा प्रश्न आहे.”

“वहिनी, तुम्ही निश्चिंत राहा,” तो म्हणाला होता.

आणि आता तो ओसरीखाली उभा राहून डोके खाजवत होता.

“मेले म्हणजे काय?” मी विचारले. “काल संध्याकाळी तर ठीक होते.”

“ठीकच होते जी. म्या सोता इहिरीचं ताजं पाणी भरलं. काठोकाठ. कमी पडू देल्लं नाही. कोनं तरी जहर टाकलं पाण्यात, आनखी काय.”

“चल, दाखव.”

नत्थुजी खाटेवरून उठले आणि आमच्या मागून दोन पावले अंतर ठेवून चालू लागले. सोयऱ्याने घरच्या गडबडीत शिरू नये, पण त्यांच्या पायांना ते समजले नसावे.

मासे ज्यात हलवले होते तो ड्रम गोठ्याच्या सावलीत होता. त्यावर जेवणाचा जुना गोल लाकडी पाट उपडा टाकलेला, आणि पाटावर मसाल्याचा दगडी पाटा ठेवलेला. पाट ड्रमच्या तोंडात असा घट्ट बसला होता की पाण्याला टेकला होता. बाजूने बोट घालायलाही जागा नव्हती. मी कवडूला पाटा उचलायला लावला. लाकडी पाट निघाला तसे खालून तीन पांढरी पोटे वर आली.

मी पाहिले आणि मला सगळे समजले.

“जहर नाही,” मी म्हणाले. “तू यांना बुडवून मारलंस.”

कवडूने आधी माझ्याकडे पाहिले, मग माशांकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

“मासे? पाण्यात बुडवून?”

“चौथा कुठं आहे?”

तो तळाशी होता. काळा, आडवा पडलेला. कल्ल्याची झाकणे हलत आहेत की पाणी हलते आहे, हे कळत नव्हते.

“ड्रम कलंडव,” मी म्हणाले. “पाणी जाऊ दे. सगळं जाऊ दे!”

“वहिनी, अजून ताजं आणू का? इहीर…”

“कवडू, पाणी कमी कर! घमेलं आण!”

त्याने ड्रम वाकडा केला. गोठाभर पाणी झाले, गाईने पाय उचलले. मी घमेल्यात वीतभरही नाही इतके पाणी घेतले, मासा दोन्ही हातांनी उचलला आणि पाण्याने त्याची पाठ जेमतेम झाकेल असा ठेवला. तो कलंडला. मी तळवा त्याच्या हनुवटीखाली घातला आणि तोंड पाण्याच्या वर धरले. त्याचे अंग थंड आणि जड होते. लहान मूल झोपेत जसे जड होते तसे, हे माझ्या मनात आले, आणि ते मी तिथेच थांबवले.

“असं बसून काय होनार जी?” कवडू म्हणाला.

“गप्प राहा.”

मरळाला कल्ले असतात, पण नुसत्या कल्ल्यांवर त्याचे भागत नाही. मी शेकडो मरळ कापले आहेत. त्याच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या अंगाला, दोन्ही बाजूंना एकेक पोकळी असते, आतून लाल, मऊ, घड्या पडलेली. ती हवेसाठी असते. म्हणून हा मासा घडीघडीला वर येतो, तोंड पाण्याबाहेर काढतो, हवेचा एक घोट भरतो आणि खाली जातो. म्हणूनच बोडी, म्हणजे शेताकडेचे लहान तळे, आटली तरी तो ओल्या चिखलात जगतो, ओल्या पोत्यात गुंडाळला तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत जगतो. पण त्याला वर येऊ दिले नाही, तर भरल्या पाण्यात, ताज्या पाण्यात तो गुदमरतो. कवडूलाही हे ठाऊक नसायचे कारण नव्हते. पण रोहू-कतल्याच्या हाताला एकच सवय, मासा म्हटला की पाणी भरायचे आणि झाकण घट्ट लावायचे. शिवाय त्याला मी हुकूम दिला होता.

माझा हात अवघडला. पाठीमागे कोणाची तरी पावले वाजली आणि घमेल्याच्या पलीकडे कोणी तरी खाली बसले. मी वर पाहिले तर वनमाला.

खोलीतून बाहेर येण्याचे तिचे दिवस भरले नव्हते. दाराला बाहेरून कडी होती. ती कोणी काढली, हे मी विचारले नाही. भोजराज ओसरीच्या खांबाला टेकून अतिशय लक्षपूर्वक छपराकडे पाहत होता. वनमालाचे तोंड धुराने काळवंडले होते, केस कपाळाला चिकटले होते. अंगण ओलांडायला तिला किती दम लागला होता, ते तिच्या खांद्यांवरून दिसत होते. ‘आत जा’ हे शब्द माझ्या जिभेवर आले.

त्याच वेळी माझ्या तळव्यात काही तरी हलले. माशाने तोंड उघडले. आवाज इतका बारीक झाला की अंगण शांत नसते तर ऐकू आला नसता. एक घोट. मग काहीच नाही. मग दुसरा.

“घेतली,” वनमाला म्हणाली. “आत्याबाई, हवा घेतली त्यानं.”

ती स्वतःही तोंड उघडून दम घेत होती. आणि मी ‘आत जा’ म्हणाले नाही.

नत्थुजी आता घमेल्याजवळ येऊन उकिडवे बसले. लेकीकडे त्यांनी पाहिले नाही. रीत पाळणारा माणूस होता. ते माशाकडे पाहूनच बोलले.

“ईनबाई, मी अडाणी मानूस. मले समजावून सांगा. मासा आन् पाण्यात बुडते?”

“मरळ बुडते. रोहू नाही बुडत.”

“पाणी खराब असन जी.”

“विहिरीचं पाणी आहे, इवाई. आम्ही तेच पितो.”

“मंग जागा कमी पडली असन.”

“एवढ्या ड्रमात चार मासे. जागा कशी कमी पडेल?”

“मंग खायाले नसन भेटलं.”

“एका रात्रीत उपाशी मरत नाही मरळ!” मला राग येऊ लागला होता. “त्याले सगळं होतं. पाणी होतं, जागा होती, सावली होती. वर यायाले वाट नव्हती, तेवढंच.”

बोलून संपल्यावर माझाच आवाज मला ऐकू आला. गोठ्यात गाय शेपटी हलवत होती. वनमाला पाण्यात एक बोट घालून माशाची पाठ भिजवत होती.

“असं,” नत्थुजी म्हणाले. “मंग झाकण कायले लावलं होतं जी?”

“उडी मारते म्हणून.”

“उडी मारून जाते कुठं?”

“कुठं जाते म्हंजे?” कवडूला इतका वेळ गप्प बसवत नव्हते. “इवाईबुवा, ओल्या गवतातून सरपटत जाते सरळ! एका बोडीतून दुसऱ्या बोडीत. बांध बी चढते.”

“आन् वापस?”

कवडू विचारात पडला. तो खोटे बोलणारा माणूस नव्हता. “येते बी,” तो म्हणाला. “नाही बी येत. ते मरळाच्या मनावर हाय.”

याचे उत्तर मला हवे होते, आणि नेमके तेच कोणाजवळ नव्हते. मी नत्थुजींकडे पाहिले. त्यांचे डोळे माशावर होते, पण त्यांचे हात एकमेकांत घट्ट अडकलेले होते.

“पण इवाईबुवा,” कवडू पुढे बोलला, “तुम्ही कायले इचारून राहिले? तुमच्या बोडीत मरळाबिगर दुसरं हाय तरी काय? जलमभर तेच तं पाळून राहिले तुम्ही!”

नत्थुजींनी दुपट्ट्याने तोंड पुसले. बराच वेळ पुसत राहिले.

“इसरलो जी,” ते म्हणाले. “वय झालं.”

मी हसले नाही. पण हसू आवरायला मला ओठ दाबावे लागले, आणि ते त्यांनी पाहिले. मागितले तर काहीच नव्हते. तसे मागू शकणाऱ्या माणसाविषयी मला तेव्हापासून आदर वाटत आला आहे.

मी उठले. हात धुतले, ओसरीवर गेले आणि तांदळाचे सूप उचलले. मी ते घेऊन पायऱ्या उतरले तेव्हा अंगणात कोणी हलले नाही. वनमालाने मान खाली घातली. तिच्या मानेचे मणके मोजता आले असते. भोजराज खांब सोडून एक पाऊल पुढे आला आणि थांबला. टोपली उन्हात पडली होती. मी तिच्याजवळ गेले, उभी राहिले, आणि मग सूप कवडूच्या हातात दिले.

“हे शिजवायला दे. आणि ते तीन मासेही कापून घे, नुसते पाहत काय उभे राहिलात सगळे? सोयरे आले आहेत. उपाशी पाठवायचे काय त्यांना?”

मग मी आत गेले. त्या खोलीत मी रोज जात होते, पण त्या दिवशी दारात पाऊल टाकताच धुराने माझे डोळे चुरचुरले आणि मला खोकला आला. मी वनमालाची पेटी उघडली. वरचे लुगडे घरात नेसायचे होते. ते बाजूला केले आणि लग्नातले हिरवे काढले. माझ्या घरून सून जाते ती जुनेर नेसून जात नाही. बाहेर येऊन मी ते टोपलीत ठेवले आणि वर घडीचा दुसरा पदर ओढला.

वनमाला रडत होती. मी तिकडे पाहिले नाही. भोजराज गोठ्यामागे निघून गेला. नत्थुजी मात्र लगेच उठून घमेल्यातला मासा न्याहाळू लागले, जणू त्यांचे सारे काम त्या माशाशीच होते.

“हासुद्धा घेऊन जा,” मी म्हणाले. “माझ्याकडे याचं आता काही होत नाही.”

गोणपाट भिजवून, पिळून, मी स्वतः मरळ त्यात गुंडाळला. तोंडाकडची बाजू सैल ठेवली.

“वाटेत पोतं सुकू देऊ नका. पाण्यात घालू नका, बसमध्ये सांडते. पोचल्यावर बोडीत सोडा. मोकळ्या जागी ठेवा. वारा लागू द्या. घट्ट बांधू नका.”

“ईनबाई,” नत्थुजी हळूच म्हणाले, “हे मासोळीचं सांगून राहिल्या, का पोरीचं?”

“मी मासोळीचं सांगून राहिली. पोरीचं तुम्हाले समजते.”

जेवण झाल्यावर ती निघाली. वाकून पाया पडताना तिला पुन्हा दम लागला, मी तिला खांद्याला धरून उठवले. “येतो, आत्याबाई,” ती म्हणाली. सगळ्याच सुना तसे म्हणतात. पारबताची सूनही तसेच म्हणाली होती.

मी चुकले होते असे मी त्या दिवशी म्हटले नाही, आणि आजही म्हणणार नाही. जे मला दिले गेले तेच मी तिला देत होते. पण त्या रात्री मी आतल्या खोलीत गेले आणि झरोक्यातल्या चिंध्या काढून चुलीत घातल्या. घरात कोणी विचारले असते तर उत्तर तयार होते. कोणी विचारले नाही.

मग वाट पाहणे आले. मला ते जमत नाही. पारबता कुंपणावरून डोकावून रोज विचारी, “काय वं सगुणाबाई, सून आली का?” आणि मी रोज तिला विचारी, “तुझी आली का?” हे बोलणे मला शोभत नव्हते, पण मी बोलले. भोजराज सासरी जाऊन-येऊन होता. पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, ती आता मोहाच्या झाडाखाली खाट टाकून झोपते. दुसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सकाळ-संध्याकाळ फिरते. तिसऱ्यांदा आला तेव्हा तो काही म्हणालाच नाही, पण त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या पोटावर ताणल्या होत्या, तेव्हा सासरी स्वयंपाक कोण करते आहे हे मला कळले.

“आणि मरळ?” मी विचारले.

“बोडीत सोडाले नेला तं हातातून उडी मारून गेला, माय. मामाजी म्हणतात, रोज दिसते.”

“परत कधी येते म्हणाली?”

तो माझ्याकडे बघत राहिला. “मरळ?”

“भोजराज!”

“इचारलं नाही, माय,” तो म्हणाला. त्याचा आवाज माझ्या आवाजापेक्षा शांत होता. “तुले कळलं नाही का? इचारायचं नसते.”

धान रोवले गेले, निसवले, पिवळे पडू लागले. त्या दिवसांत मी सकाळचे काम ओसरीवर घेऊन बसत असे, कारण ओसरीवरून तलावाची पाळ दिसते आणि बसथांब्याची वाट पाळीवरूनच येते. आमची पाळ उंच आहे. गावातले चांगले दणकट लोकही वर चढून आले की क्षणभर कंबरेवर हात ठेवतात.

एका सकाळी पाळीच्या पलीकडून आधी टोपली वर आली. मग टोपलीखालचे डोके, मग हिरवे लुगडे. बाई एकटी होती. माथ्यावर पोचली, थांबली नाही, टोपलीला हातही लावला नाही, आणि उतरणीला लागली. चालणे भराभर होते. कवडू तलावात गुडघाभर पाण्यात उभा होता, तो काही तरी ओरडला आणि ती चालता चालताच त्याला उत्तर देत होती. इथपर्यंत शब्द येत नव्हते, आवाज येत होता. एका दमात.

माझ्या हातातली डाळ सुपाबाहेर सांडली होती. ती मी गोळा करत राहिले, म्हणजे ती फाटकातून आली तेव्हा मला वर बघावे लागले नाही.

“आत्याबाई.”

“आलीस? एकटीच?”

“बाबा येत होते. मीच म्हटलं, वाट काही विसरले नाही मी.” तिने टोपली उतरवून माझ्यापुढे ठेवली. गाल भरले होते. धाप लागलेली नव्हती. मी तरीही विचारले.

“दम लागला का?”

“नाही, आत्याबाई.”

लेक परतताना बाप टोपली भरून पाठवतो, हीही रीत होती. वर मुरमुऱ्याचे लाडू होते, आणि लाडवांखाली, केळीच्या पानाखाली, ओले गोणपाट हलत होते. एक नव्हे, दोन मरळ. एक जुना होता की दोन्ही नवे, हे मला ओळखता आले नाही. मरळ सगळे सारखेच दिसतात.

“बाबांनी सांगायला सांगितलं आहे,” वनमाला म्हणाली, आणि तिचे डोळे आधीच हसत होते, “की ईनबाईले म्हणा, पोतं सैलच बांधलं आहे.”

“तुझ्या बापाला फार बोलता येतं.”

“हो, आत्याबाई.”

ती आत गेली. भोजराज अजून शेतातून यायचा होता. मी लाडू वेगळे काढत होते, पण कान आतल्या खोलीकडे होते. तिची पेटी उघडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग ती दारात आली आणि दाराच्या चौकटीवरून हात फिरवत उभी राहिली. तिथे लाकडात खिळ्यांची चार भोके उरली होती.

“आत्याबाई, दाराची कडी कुठं गेली?”

“गंजली होती,” मी म्हणाले. “हातपाय धू. पाणी पी.”

ती हसली. मी हसले नाही. पण त्या वेळी ओठ दाबायला मला थोडा उशीर झाला असावा, कारण पाणी पिता पिता ती माझ्याकडेच बघत होती.